ट्रम्पवर मत आहे, वॉर्डावर आहे का?

(गंगाखेड येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)





संयोजकांनी फोनवर विषय सांगितला तेव्हा मला आधी हसू आलं. अमेरिकेचं राजकारण, नैतिक पेच आणि सिनेमा-सिरीज. मी विचारलं, गंगाखेडात हा विषय कशाला? ते म्हणाले, सर, पोरं रात्री अकरा वाजेपर्यंत हेच बोलत बसतात. हे खरं आहे. बसस्टँडजवळ चहाला थांबलं की ट्रम्प काय म्हणाला, ममदानीनं काय उत्तर दिलं, अमकी सिरीज पाहिली का, हेच कानावर पडतं. प्रत्येकाकडे मत आहे आणि ते ठाम आहे.

मी त्याला नावं ठेवायला आलो नाही. जग बघणारं पोरगं मला आवडतं. माझ्या वयाच्या लोकांचं एक आवडतं वाक्य असतं, 'अमेरिकेशी तुला काय करायचंय? अभ्यास कर.' हे वाक्य चूक आहे, ते का चूक आहे हे मी आधी सांगतो. मग त्या मतांचं पुढं काय करायचं ते बोलू.

ऑगस्ट २०२५ आठवा. अमेरिकेनं भारताच्या मालावर आधी २५ टक्के आणि मग आणखी २५ टक्के असा ५० टक्के आयातकर लावला. तो पूर्णपणे २७ ऑगस्टपासून लागू झाला. आपले कपडे तिकडे महाग झाले. इथल्या कापड गिरण्या अडचणीत येऊ नयेत, त्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून आपल्या केंद्र सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, नंतर मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आता सांगा, आपल्याकडे कापूस कधी वेचायला येतो? दसरा-दिवाळीच्या सुमाराला. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये एका माणसानं सही केली, त्याला उत्तर म्हणून दिल्लीत दुसरी सही झाली, आणि ऐन हंगामात परदेशी कापूस आपल्या शेतकऱ्याच्या कापसासमोर येऊन उभा राहिला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. तो भाव पाहिजे तर सीसीआयच्या केंद्रावर जायचं, आणि त्यासाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करायची. ज्यांना हे जमलं नाही त्यांना व्यापारी देईल तो भाव.

तेव्हा अमेरिकेच्या राजकारणाशी आपला संबंध आहे. तो थेट मोंढ्यापर्यंत येतो. पण माझा प्रश्न असा, की त्या महिन्यात ट्रम्पवर रोज बोलणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी शेजारच्या एखाद्या चाचांच्या, एखाद्या काकांच्या मोबाईलवर ते ॲप उघडून नोंदणी करून दिली? काहींनी दिली असेल, त्यांचं अभिनंदन. बाकीच्यांचं मत चहाच्या ग्लासाबरोबर तिथंच राहिलं.

आपण अमेरिकेवर इतकं का बोलतो? मला एका पोरानं फार खरं उत्तर दिलं. तो म्हणाला, 'सर, इधर का बोले तो लफडा होता. अमेरिका पे बोले तो कुछ नई होता.' मला वाटतं, या सभागृहातल्या बऱ्याच जणांच्या मनात हेच आहे. मुसलमान पोरगं इथल्या गोष्टीवर काही लिहायला जातं तेव्हा आई म्हणते, बेटा, स्टेटस काढ. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्या आईला जग तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण यातून झालंय असं, की बोलायची सगळी हौस दूरच्या गोष्टींवर भागते आणि जवळच्या गोष्टींवर आपण मुके राहतो. आणि जवळच्या सगळ्याच गोष्टी काही लफड्याच्या नसतात. नाली, पाणी, मतदार यादी, हातगाड्यांचा परवाना, मुलींची शाळा, यावर बोलायला शौर्य लागत नाही. माहिती लागते आणि सातत्य लागतं.

आता जरा मागं जाऊ. अमेरिकेवर मत असणारा मराठी माणूस काही आज निर्माण झालेला नाही. १८७३ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या भल्या लोकांना, ज्यांनी काळ्या माणसांच्या गुलामीविरुद्ध झीज सोसली त्यांना. अमेरिकेत गुलामी कायद्यानं संपली १८६५ मध्ये. म्हणजे आठच वर्षांत पुण्यातला एक माणूस त्या घटनेवर आपलं मत छापून मोकळा झाला होता. तेव्हा ना मोबाईल, ना टीव्ही.

पण जोतीराव तिकडच्यांना शाबासकी देऊन थांबले नाहीत. त्या अर्पणपत्रिकेतच त्यांनी पुढची इच्छा लिहिली, की माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा आणि इथल्या शूद्रांना गुलामीतून सोडवावं. आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. मत आणि काम, दोन्ही एकाच वर्षात. त्याच्याही आधी, १८६८ मध्ये, त्यांनी स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. म्हणून अमेरिकेतल्या गुलामीवर बोलायचा त्यांना अधिकार होता. ज्याच्या घरचा हौद बंद आहे त्यानं दूरच्या माणसाच्या मुक्तीवर भाषण दिलं तर ते कोण ऐकेल?

हीच वाट पुढं दिसते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून, पण लढाई इथल्या गावकुसाची. आपल्या नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्याचा अभ्यास मराठीत आणला. तुमच्यापैकी अनेकांच्या पदवीवर त्याच विद्यापीठाचा शिक्का आहे. म्हणजे मराठवाड्यात बसून अमेरिका वाचणं ही आपली जुनी रीत आहे. आणि या सगळ्यांनी अमेरिका वाचली ती घराकडे नीट बघता यावं म्हणून.

आता तुमच्या लाडक्या माणसाकडे येऊ. झोहरान ममदानी. ४ नोव्हेंबर २०२५ ला न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक जिंकला आणि १ जानेवारी २०२६ ला पदावर बसला. त्या शहराचा पहिला मुस्लिम महापौर. आई मीरा नायर, 'सलाम बॉम्बे' बनवणारी. वडील महमूद ममदानी, जन्म मुंबईचा. आपल्या मोहल्ल्यात त्या दिवशी मिठाई वाटायचीच काय ती बाकी होती. मलाही आनंद झाला.

पण तो जिंकला कशावर? घरभाडं, बसचं तिकीट, लहान मुलांचं संगोपन, किराणा. त्याचा एक व्हिडिओ जरूर बघा. रस्त्यावरच्या हलाल गाड्यांवर तो उभा आहे आणि गाडीवाल्यांना विचारतोय, आठ डॉलरची थाळी दहा डॉलरला का झाली? उत्तर असं निघतं, की परवाना महापालिकेकडून थेट मिळत नाही, दुसऱ्याच्या नावावरचा भाड्यानं घ्यावा लागतो, त्याचे हजारो डॉलर जातात, आणि ते पैसे शेवटी थाळीत येतात. त्यानं जगाच्या राजकारणावर मत द्यायचं टाळलं नाही, गाझावरही तो बोलला. पण मतं मागताना थाळीचा भाव कुठून वाढला हे तो शोधत गेला.

आता इकडे या. फळांचे, भाजीचे, चपलांचे हातगाडे आपल्या गावात कोण चालवतं? तुमचे अब्बा, चाचा, मामू. आणि शेजारच्या गल्लीतले काका. २०१४ साली संसदेनं पथविक्रेत्यांचा कायदा केला. त्यात लिहिलंय, की नगरपालिकेनं पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं आणि ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत आधीपासून बसणाऱ्याला उठवायचं नाही. जागेवरून हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस द्यायची. शहर पथविक्रेता समिती करायची, त्यात किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यातल्या एक तृतीयांश महिला. हे किती जणांना माहीत होतं? हात वर करा. चार. ममदानीचा तो व्हिडिओ किती जणांनी पाहिलाय? बघा, अर्धं सभागृह. माझं सगळं भाषण या दोन आकड्यांत आलं.

अजून एक. ममदानी जिंकला त्या शहरात मुसलमान थोडे आहेत. त्याला इतरांनी मतं दिली, ज्यूंनी दिली, ख्रिश्चनांनी दिली, ज्यांचा कुठलाच धर्म नाही त्यांनी दिली. आपण म्हणालो, वा, याला म्हणतात लोकशाही. त्यानंतर महिन्याभरातच आपल्याकडे राज्यभर नगरपरिषदांच्या निवडणुका आल्या. तेव्हा आपण उमेदवाराला काय विचारलं? नाली विचारली, की जात, बिरादरी, आपला-परका? न्यूयॉर्कच्या ज्यू माणसानं ममदानीचं काम बघून मत द्यावं ही अपेक्षा बरोबर आहे. मग तीच अपेक्षा माझ्याकडूनही धरली पाहिजे. माप एकच पाहिजे. घ्यायचं माप वेगळं आणि द्यायचं माप वेगळं, असा दुकानदार आपल्याला चालत नाही.

आता नैतिक पेच. तुम्हाला ते कोडं माहीत असेल. ट्रॉली रुळावरून येतेय, पुढं पाच माणसं आहेत, खटका ओढला तर दुसऱ्या रुळावरचा एकजण मरेल. ओढायचा का? १९६७ मध्ये फिलिपा फूट या इंग्रज बाईंनी हा प्रश्न मांडला आणि तेव्हापासून जग त्यावर वाद घालतंय. 'द डार्क नाइट' या २००८ च्या सिनेमात तोच पेच आहे. दोन बोटी, एकीत साधे नागरिक, दुसरीत कैदी. दोन्हींत बॉम्ब, आणि प्रत्येकीकडे दुसरी बोट उडवायचं बटण. नागरिकांच्या बोटीत चक्क मतदान होतं आणि बहुमत म्हणतं, उडवा. पण बटण दाबायला कुणाचा हात उठत नाही. आणि कैद्यांच्या बोटीत एक धिप्पाड कैदी ते बटण मागून घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकतो. ज्याला सगळे गुन्हेगार समजतात, त्यानंच माणुसकी राखली. हा सीन तुम्हाला का आवडतो ते मला कळतं. ज्यांच्याकडे कायम संशयानं पाहिलं जातं, त्यांना तो आपला वाटतो.

पण गंगाखेडात ट्रॉली येत नाही, आणि बोटीत बॉम्बही नाही. इथले पेच साधे दिसतात आणि जास्त अवघड असतात. दोनच सांगतो.

पहिला. मोहल्ल्याच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येतो. 'देखो, अपने लोगों के साथ क्या हुआ.' तुम्हाला कळतं की तो जुना आहे, दुसऱ्याच देशातला आहे. ग्रुपमध्ये दोनशे लोक तापलेत. तुम्ही लिहिणार का, की हे खोटं आहे? लिहिलं तर कुणीतरी विचारणार, तू कुणाच्या बाजूचा? दुसऱ्या समाजानं आपल्याविरुद्ध खोटं पसरवलं की आपल्याला राग येतो, आणि तो यायलाच पाहिजे. पण आपल्या बाजूचं खोटं आपल्याच ग्रुपवर थांबवणं, हा खरा खटका आहे. तो ओढायला हात जड होतो. सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याचा हुकूम आहे. तो फक्त दुसऱ्यांच्या बातमीसाठी आहे, असं तिथं कुठं म्हटलेलं नाही.

दुसरा पेच घरातला. वडील गेले. घर, प्लॉट, दुकान. भाऊ कागद करून आणतात, हक्कसोडपत्र. बहिणीला सांगतात, इथं सही कर, तुझं लग्न आम्हीच लावून दिलं होतं ना. ती सही करते, कारण तिला माहेर तोडायचं नसतं. हे आपल्याकडेही होतं, आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडेही होतं. पण आपण तर अभिमानानं सांगतो, की इस्लामनं चौदाशे वर्षांपूर्वी बाईला वारसाहक्क दिला. दिला. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा लिहिलेला आहे. आणि त्याच सूरहमध्ये असंही सांगितलंय, की न्यायासाठी उभे राहा, साक्ष स्वतःच्या, आईबापाच्या, नातलगांच्या विरुद्ध गेली तरी. मग तुम्ही, धाकटे भाऊ, त्या कागदासमोर बसलेले असताना काय करणार? मोठ्या भावाला म्हणणार का, की भाईजान, आपांचा हिस्सा आधी द्या? ट्रॉलीच्या कोड्यात चूक उत्तर दिलं तर कुणाचं काही जात नाही. इथं एका बाईचं म्हातारपण जातं.

इथं मुली बसल्यात म्हणून एका सिरीजचं नाव घेतो. 'मिस मार्व्हल', २०२२ ची. कमला खान, न्यू जर्सीतली पाकिस्तानी घरची मुलगी, तिच्यात सुपरपॉवर येते. पण मला तिच्यापेक्षा तिची मैत्रीण नाकिया आवडली. तिच्यात कसलीच सुपरपॉवर नाही. मशिदीत बायकांच्या बाजूची दुरवस्था बघून ती मशिदीच्या बोर्डाची निवडणूक लढवते आणि जिंकते. इल्हान उमर आणि रशीदा तलैब २०१८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेल्या तेव्हा आपण फोटो शेअर केले. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. त्या जागेवर आपल्यातली बाई निवडून येते, आणि मग सभेला कोण जातं? मिया. सही कुठं करायची ते कोण दाखवतं? मिया. इल्हान उमरच्या जागी तिचा नवरा बोलायला उभा राहिला असता तर तुम्ही हसला असता. मग इथं का हसू येत नाही?

शेवटचं उदाहरण मुहम्मद अलीचं. त्याचे रील तुम्ही बघता, ठोसे बघता. २८ एप्रिल १९६७ ची गोष्ट बघा. वय पंचवीस, जगज्जेता. ह्यूस्टनमध्ये त्याला सैन्यात भरतीसाठी बोलावलं, नाव पुकारलं, आणि तो पुढं आला नाही. व्हिएतनामला जाणार नाही म्हणाला. किताब काढून घेतला, लढायचा परवाना गेला, पाच वर्षांची शिक्षा सुनावली. अपिलामुळे तुरुंगात जावं लागलं नाही, पण ऐन उमेदीची तीन वर्षं रिंगबाहेर गेली. १९७१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ती शिक्षा रद्द केली. त्याचं मतही दूरच्या देशावरचंच होतं. पण तो ते आपल्या गावाला, लुइव्हिलला जोडत होता. माझ्या गावात काळ्यांना साधे हक्क मिळत नाहीत आणि मी दुसऱ्या देशातल्या गरिबांवर गोळ्या झाडायला का जाऊ, असा त्याचा सवाल होता. त्या मताची त्यानं किंमत मोजली, म्हणून साठ वर्षं होत आली तरी त्या मताला किंमत आहे.

सगळ्यांनी मुहम्मद अली व्हावं, असं मी म्हणत नाही. तुमच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे. थोडी किंमत मोजा. ग्रुपवरचे चार शिव्याशाप, मोठ्या भावाची नाराजी, नगरपरिषदेत तीन हेलपाटे. एवढी मोजता येते.

हे गाव जनाबाईंचं आहे. गोदेकाठच्या गरीब घरातली ही मुलगी, नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबली. तिच्या अभंगांत काय आहे? जातं आहे, दळण आहे, झाडलोट आहे. समोरचं काम आणि त्यातून निघालेलं बोलणं. सातशे वर्षं महाराष्ट्र ते गातोय. जवळच्या गोष्टीवर बोललं की बोलणं लहान होतं, हा आपला गैरसमज आहे.

म्हणून जाताना तीन प्रश्न देतो. कुठलंही मत मांडण्याआधी स्वतःला विचारा. एक, हेच माप मी माझ्या घराला, माझ्या जमातीला लावतो का? दोन, याचा धागा माझ्या गावात कुठं येतो? आणि तीन, या मतासाठी मी काय करायला तयार आहे, आणि काय सोसायला?

आणि काम म्हणाल तर आजच ठरवा. पाच जणांनी पथविक्रेता कायद्याची मराठी प्रत काढायची आणि प्रत्येक हातगाड्यावर जाऊन वाचून दाखवायची. आपल्या गाड्यावरही आणि शेजारच्या काकांच्या गाड्यावरही. सर्वेक्षण कधी झालं, समिती आहे का, हे नगरपरिषदेला माहितीच्या अधिकारात लिहून विचारायचं. अर्जाला दहा रुपये लागतात. दोन मुलींनी यात पुढाकार घ्यावा, आणि अर्जावर सही त्यांनीच करावी.

मग रात्री चहावर ट्रम्पबद्दल खुशाल बोला. मीही येईन. माझीही बरीच मतं आहेत.

 खुदा हाफिज. जय हिंद, जय संविधान.